दम आत जातो, बाहेर निघत नाही

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात खोकल्यावर लिहिलं होतं, त्यानंतर जी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले त्यातले निम्म्याहून जास्त दम्याचेच निघाले. सगळे घेणं शक्य नाही म्हणून पाच घेतलेत. नावं मुद्दाम काढलीत, कारण आपल्याकडे अजून मुलीचं लग्न जमवताना घरचे लोक दम्याचा पंप (इनहेलर) कपाटात लपवतात हे मला रोज दिसतं.

मॅडम, मुलगा नऊ वर्षांचा आहे. दिवसा चांगला हुंदडतो पण पहाटे तीन-चारला उठून खोकत बसतो, छातीत मांजर बसल्यासारखं घुरघुर वाजतं. डॉक्टरांनी बालदमा सांगितला आणि पंप दिला. सासूबाई म्हणतात पंप एकदा लागला की जन्मभर सुटत नाही, फुप्फुसं कमजोर होतात. एक्स-रे तर नॉर्मल आलाय. मी घरी विड्या वळते. छातीत नक्की काय होतं ते कुणी नीट सांगत नाही. पंप देऊ का नको?
– एक आई, विडी घरकुल

ताई, पंप द्या. हे आधीच सांगून टाकते म्हणजे बाकीचं तुम्ही शांतपणे वाचाल.

आता छातीत काय होतं ते. घशाखालून एक मोठी श्वासनळी जाते, तिच्या दोन होतात, दोनाच्या चार, असं फांद्यांसारखं फुटत फुटत जवळजवळ तेवीस वेळा वाटणी होते आणि शेवटी हवेचे बारीक फुगे लागतात, तिथे ऑक्सिजन रक्तात जातो. दम्यात हे फुगे सहसा चांगलेच असतात, म्हणून तर एक्स-रे नॉर्मल येतो. एक्स-रे नॉर्मल म्हणजे दमा नाही असं मात्र धरू नका. बिघाड असतो नळ्यांमध्ये. एक तर नळीचं आतलं अस्तर सुजतं, दुसरं नळीभोवती स्नायूंचे वेढे असतात ते आवळतात, आणि वर त्यात चिकट कफ साचतो, तिन्ही मिळून वाट अरुंद होते. किती फरक पडतो बघा, नळीची रुंदी निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही होत, साधारण सोळा पट होतो. लहान मुलाची नळी मुळातच बारीक, त्यामुळे थोडीशी सूजसुद्धा त्याला जड जाते.

आणि लोकांना वाटतं दमेकऱ्याला श्वास घेता येत नाही. तसं नाही हो, त्याला श्वास सोडता येत नाही. श्वास घेताना छाती फुलते तेव्हा नळ्या पण जरा ताणून उघडतात, सोडताना त्या आपोआप थोड्या मिटतात, हे तुमचं माझं सगळ्यांचं होतं. पण ज्याची नळी आधीच सुजलीय त्याची सोडताना जवळजवळ बंदच होते, हवा आत अडकते आणि तेवढ्याशा फटीतून निघताना शिट्टीसारखी वाजते, ते तुमचं मांजर. तुम्हाला दमा नसेल तर सासूबाईंसमोर एक करून बघा. छाती भरून श्वास घ्या, त्यातला थोडासाच सोडा, आणि परत वरून घ्या, परत थोडासाच सोडा. पाच-सहा वेळात कळेल, छाती गच्च भरलेली असते आणि तरी जीव हवेसाठी तडफडतो. तुमचं लेकरू पहाटे तेच सोसतं. (मुलाला हे करायला लावू नका.)

माझी आई दमेकरी होती. रात्री भिंतीला पाठ लावून, मांडीवर उशी घेऊन, तिच्यावर दोन्ही कोपरं टेकवून बसायची, आडवी पडली की गुदमरायची. आयुर्वेदात याला तमक श्वास म्हणतात आणि बसलं की बरं वाटतं हे निरीक्षण तिथेही आहे. मी लहान होते, मला वाटायचं आईला झोप येत नाही.

पहाटेचंच का, तर शरीरातली सूज दाबून ठेवणारी आपली स्वतःची हार्मोन्स रात्री उतरलेली असतात, आणि पहाटे चारच्या आसपास नळ्या दिवसातल्या सगळ्यात अरुंद असतात. म्हणून दिवसा हुंदडणारं पोर पहाटे खोकतं आणि घरच्यांना वाटतं नाटक करतंय.

आता पंपाची सवय. दिवसा मुलगा चांगला असतो तेव्हासुद्धा आतली सूज पूर्ण गेलेली नसते, राखेखाली निखारा असतो तसं. पंपातलं रोजचं औषध त्या निखाऱ्यासाठी आहे. तुम्ही चार दिवस बरं वाटलं म्हणून बंद करता, सूज परत वाढते, परत त्रास होतो, आणि लोक म्हणतात बघा पंप सोडवत नाही. पंपाने धरलेलं नसतं हो, दमा गेलेलाच नसतो. बऱ्याच मुलांचा त्रास वयात येताना कमी होतो, काहींचा पार थांबतो, तेव्हा डॉक्टर डोस उतरवतातच.

पंपात स्टेरॉइड असतं ही भीती मला कळते, म्हणून खरं काय ते सांगते. पंपाचा एक पफ साधारण १०० किंवा २०० मायक्रोग्रॅमचा, तो थेट नळीत जातो. स्टेरॉइडची ५ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम, ती पोटातून रक्तात, रक्तातून अंगभर. औषधं वेगवेगळी आहेत, काट्यावर तोलता येत नाहीत, पण अंदाज तर येतो. वर्षानुवर्षं पंप घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी एखाद सेंटीमीटरने कमी भरते असं अभ्यासात दिसलंय, हे मी लपवत नाही. पण पहाटे पहाटे जागणारं, जेवण न जाणारं, महिन्याला गोळ्या-इंजेक्शनं घेणारं पोर कसं वाढतं तेही मी बघितलंय. मी माझ्या पोराला पंपच दिला असता.

फक्त स्पेसर लावून द्या, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायचं पोकळ नळकांडं. नुसता पंप तोंडात दाबला की बरंचसं औषध घशावर बसतं. स्पेसर विकत घेणं जमत नसेल तर ५०० मिलीच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं घट्ट भोक पाडून स्पेसर करता येतो, दक्षिण आफ्रिकेत मुलांवर हे तपासलंय आणि काम होतं. पहिल्यांदा डॉक्टरांना दाखवून करा. पफ घेतला की चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

आणि विड्या. काम सोडा असं मी म्हणणार नाही, हजार विड्यांवर घर कसं चालतं ते मला माहितेय. पण सूप मांडीवर घेऊन बसायचं ते तो झोपतो त्या खोलीत नको, ओट्यावर बसा. आठवड्याची तंबाखूची पिशवी त्याच्या खाटेखाली ठेवू नका. उठताना पदर बाहेर झटका, हात धुवा, मग त्याला जवळ घ्या. डासांची कॉइल आणि उदबत्ती रात्री त्या खोलीत अजिबात नको, मच्छरदाणी लावा. थंडीत काढतो ती चादर वर्षभर ट्रंकेत असते, ती गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा आणि मगच पांघरा, तेवढं ऊन आपल्या सोलापूरला आहे.

मी ४१, अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात आहे, आधी सुतगिरणीत १२ वर्षं काढली. सुट्टीनंतर कामावर गेलो की पहिल्या दिवशी दुपारपासून छाती आवळून येते, खोकला सुटतो, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी कमी होतं. घरात म्हणतात काम नको म्हणून नाटक करलालाय. हा दमा आहे का? विडी ओढतो, दिवसाला एक बंडल.
– एक यंत्रमाग कामगार

दादा, नाटक नाही. तुम्ही जे लिहिलंय ना, "सुट्टीनंतरचा पहिला दिवस", त्या एका वाक्यासाठी तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. कापसाच्या धुळीने होणारा एक वेगळा आजार आहे, बायसिनोसिस. त्याची खूणच ही, सुट्टीनंतर कामावर गेलं की काही तासांनी छाती आवळते आणि आठवडा सरेल तसं हलकं होतं. कामाच्या जागेमुळे होणारा दमा उलटा चालतो, तो आठवडाभर वाढत जातो आणि सुट्टीला माणूस मोकळा होतो. बायसिनोसिसकडे दुर्लक्ष केलं तर पुढे त्रास आठवडाभर राहायला लागतो, आणि मग नळ्यांचं नुकसान कायमचं होतं.

सर्वात जास्त धूळ कच्चा कापूस पिंजताना आणि सूत काततानाच उडते, म्हणून तुमची सुतगिरणीची १२ वर्षं महत्त्वाची आहेत, डॉक्टरांना ती नक्की सांगा, नाहीतर ते फक्त विडी बघतील. स्पायरोमेट्री करून घ्या, म्हणजे नळीत जोरात फुंकायची तपासणी. जमलं तर कामाच्या पहिल्या दिवशी, कामाआधी आणि काम सुटल्यावर अशी दोनदा, फरक दिसला तर तो कागदावर येतो. कागदावर यायलाच पाहिजे, कारण बायसिनोसिस हा कायद्याने कळवण्याजोग्या आजारांच्या यादीत आहे आणि भरपाईच्या कायद्यातही व्यवसायजन्य आजार म्हणून धरलाय. ईएसआयचं (कामगार विमा योजनेचं) कार्ड असेल तर तिथूनच सुरुवात करा, खिशातले पैसे घालू नका.

रुमाल बांधून भागत नाही, कापडातून ती बारीक धूळ जाते, एन-९५ मास्क हवा. मालकाशी बोलताना जागा बदलून मागा, धूळ कमी असेल तिकडे. आणि विडी. धुळीने नळी खरवडलेलीच आहे, त्याच नळीत तुम्ही दिवसाला बंडलभर धूर सोडताय, कापसाची धूळ आणि धूर एकत्र आले की फुप्फुस फार लवकर जातं. हे रागावून नाही लिहीत, ४१ म्हणजे अजून वेळ आहे.

निवृत्त शिक्षक, वय ६८, जुळे सोलापूर. बरीच वर्षं दमा आहे पण आटोक्यात होता, निळा पंप कधीमधी लागायचा. गेल्या पाच महिन्यांपासून दिवसाला आठ-दहा पफ लागतात. रोजचा दुसरा पंप होता तो स्टेरॉइड म्हणून मी दोन वर्षांपूर्वीच बंद केला. बाकी बीपीची गोळी आहे, आणि डोळ्यात काचबिंदूचे थेंब, तेही साधारण पाच महिन्यांपासूनच. निळ्या पंपाची पॉवर वाढवून मिळते का?

सर, पॉवर वाढवायची नाही. आधी उठा आणि डोळ्याच्या थेंबांची बाटली आणा. तिच्यावर टिमोलॉल असं लिहिलंय का? काचबिंदूला फार वापरतात ते औषध, आणि चांगलंही आहे, पण ते डोळ्यातून नाकात, तिथून रक्तात जातं आणि दमेकऱ्याच्या नळ्या आवळू शकतं. दोन थेंबांनी काय होतंय असं वाटतं, पण होतं. तुमचे पाच महिने आणि थेंबांचे पाच महिने जुळतायत. थेंब स्वतःहून बंद करू नका, काचबिंदूत नजर जाते ती परत येत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि "मला दमा आहे" हे तीन शब्द सांगा, त्यांच्याकडे दुसरे थेंब असतात. बीपीच्या गोळीचं नाव पण दाखवून घ्या, बीटा ब्लॉकर गटातली असेल (टिमोलॉल त्याच गटातलं) तर तोच विषय. अंगदुखीला ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेताना पण सांभाळून, काही दमेकऱ्यांना त्यानेही एकदम अटॅक येतो.

आता निळा पंप. त्यातलं सॅलब्युटामॉल नळीभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतं, पाच मिनिटांत, आणि चार-सहा तास टिकतं. सूज मात्र तशीच. म्हणजे दार अडकलंय ते ढकलून उघडलं पण चौकट फुगलेलीच आहे. म्हणून तर दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत २०१९ पासून मोठ्या माणसांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका असं स्पष्ट आलंय. तुमचा हिशोब करू, निळ्या पंपात २०० पफ असतात, दिवसाला आठ-दहा म्हणजे वीस-पंचवीस दिवसांत एक पंप संपतो. वर्षाला तीन पंप लागले तरी अटॅकचा धोका वाढतो, आणि महिन्याला एक लागायला लागला तर जिवाचा धोका वाढतो. सर, तुम्ही त्याच्याही पुढे आहात, म्हणून हे उत्तर छापून येण्याआधीच तुम्हाला फोन करून सांगितलंय.

रोजचा स्टेरॉइडचा पंप परत सुरू करायचा आहे, बहुतेक ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला देतील, तो रोज पण घेता येतो आणि त्रास झाला तर त्यानेच आरामही पडतो, दोन रंगांचा घोळ राहत नाही. पूर्ण गुण यायला काही आठवडे जातात, चार दिवसांत सोडू नका. आणि पावडरची कॅप्सूल दिली तर ती मशीनमध्ये घालून ओढायची असते. हसण्यासारखं नाही हे, महिना महिना कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे शिकलेले लोक मी बघितलेत, कुणी दाखवलंच नव्हतं त्यांना.

घरच्यांनी हे वाचून ठेवा. एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, ओठ निळसर, माणूस गुंगीत जातोय, किंवा वाजणारी छाती एकदम शांत झाली आणि तरी जीव घाबरा आहे, तर थांबायचं नाही. शांत झालेली छाती म्हणजे बरं वाटलं असं नाही, हवा जायचीच बंद झाली असं असू शकतं. बसवून ठेवा, आडवं करू नका, निळा पंप स्पेसरमधून एकेक पफ करत दहापर्यंत द्या आणि तेवढ्यात १०८ लावा.

मी १७ वर्षांची, शाळेपासून पळते, जिल्हा पातळीवर. हल्ली पळून झाल्यावर पाच-दहा मिनिटांनी छाती आवळते आणि खोकला येतो. सर म्हणतात स्टॅमिना कमी आहे, आई म्हणते पळणं बंद कर.

बंद करू नकोस. स्टॅमिना कमी असेल तर पळताना दम लागतो आणि थांबलं की उतरतो. तुझं थांबल्यावर वाढतंय, हे दम्याचं लक्षण आहे. जोरात तोंडाने श्वास घेताना कोरडी हवा आत जाते, नळ्या सुकतात आणि आवळतात, आणि आपल्याकडची हवा किती कोरडी आणि धुळीची आहे ते तुला ट्रॅकवर माहितीच आहे. तपासून घे, निदान झालं की डॉक्टर पळण्याआधी १५ मिनिटं पंप घ्यायला सांगतील, वॉर्मअप हळूहळू आणि जास्त वेळ कर. ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ, तिला १४ व्या वर्षी दम्याचं निदान झालं, तिने २००३ मध्ये लंडनला मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत पळून महिलांचा जागतिक विक्रम केला, आणि तो सोळा वर्षं टिकला. हे आईला वाचून दाखव. पंपातलं सॅलब्युटामॉल ठराविक मर्यादेपर्यंत स्पर्धेतही चालतं, लपवून घ्यायची गरज नाही, कागद जवळ ठेव.

आमचं सोलापूरच्या पूर्व भागात घर, अर्धे पाहुणे हैदराबादला. वडिलांना (५५) दमा आहे. पाहुणे म्हणतात मृगाला इकडे घेऊन या, जिवंत माशातलं औषध तीन वर्षं घेतलं की दमा जातो. न्यावं का? आणि अजून एक, पंप संपला हे कळतं कसं? ते हलवून बघतात.

पूर्व भागातून हा प्रश्न दर मे महिन्यात येतो आणि विचारणाऱ्याच्या मनात वडिलांची काळजी असते, म्हणून मी कधी कुणाला झिडकारत नाही. जूनच्या सुरुवातीला मृग लागतो तेव्हा हैदराबादला हजारो लोक जमतात, बारीक जिवंत माशाच्या तोंडात औषध घालून तो गिळायला देतात. त्याने दमा जातो याचा भरवशाचा पुरावा मला कुठेही मिळालेला नाही. मग लोकांना गुण का येतो, तर दमा मुळातच चढउताराचा आजार, त्यात मृगाचा पाऊस पडला की उन्हाळ्याची धूळ बसते, काहींना आपोआप बरं वाटतं आणि श्रेय माशाला जातं. पण ज्याला श्वास सोडायला त्रास आहे त्याच्या घशात जिवंत मासा सोडणं, आणि त्याआधी रांगेत तासन्‌तास त्या गर्दीत उभं राहणं, मला भीती वाटते. मी माझ्या वडिलांना नेलं नसतं. तरी घरात ठरलंच असेल तर एवढं करा, दोन्ही पंप खिशात ठेवा, आणि परत आल्यावर "आता औषध घेतलंय" म्हणून पंप बंद करू नका. माझ्याकडे जून-जुलैत अटॅक घेऊन येणाऱ्यांत पंप असेच बंद केलेले असतात.

हलवून कळत नाही. औषध संपलं तरी आतला वायू शिल्लक राहतो, हलवलं की वाजतो, दाबलं की फुसकन येतो आणि माणसाला वाटतं औषध मिळालं. पाण्यात बुडवून बघतात ते पण करू नका, तोंड चोंदतं. काही पंपांना मागे आकडा दिसतो, नसेल तर डब्यावर १२० किंवा २०० लिहिलेलं असतं ते बघा. वडील सकाळी दोन रात्री दोन घेत असतील तर दिवसाला चार, म्हणजे १२० चा पंप ३० दिवस आणि २०० चा ५० दिवस. पंप सुरू कराल त्याच दिवशी मार्करने डब्यावर संपायची तारीख लिहून ठेवा, आणि त्याच्या चार दिवस आधी नवीन आणा.